काटेसावरीचा काटा आणि फणसाची साल: ग्रासहॉपरमध्ये गुळगुळीत काटेरी पृष्ठभाग घडवताना

ठाण्यात येऊरच्या बाजूला फिरताना काटेसावरीचे कोवळे झाड दिसले, तर त्याचे खोड जवळून निरखावे. त्यावरचा प्रत्येक काटा टोकाशी टोचेल इतका अणकुचीदार असतो, पण खाली येताना तो पसरत जातो आणि सालीत असा मिसळतो की काटा नेमका कुठे संपला हे बोट ठेवून सांगता येत नाही. फणसाचे तसे नसते. त्याचे काटे एकमेकांना खेटून असतात, मधे सपाट जागा उरतच नाही, आणि दोन काट्यांमधली घळ रेघ ओढल्यासारखी स्पष्ट दिसते. आकर्षणबिंदू, म्हणजे ज्यांना अ‍ॅट्रॅक्टर पॉइंट म्हणतात आणि ज्यांच्यापासूनच्या अंतरावरून उंची ठरते ते, वापरून काटेरी पृष्ठभाग घडवायला बसणाऱ्याने हे दोन नमुने आधी मनात वेगळे करावेत, कारण एकाचे गणित दुसऱ्याला लावले की हवा तो आकार मिळत नाही आणि चूक कुठे झाली तेही लवकर कळत नाही.

येथे सांगितलेली रीत ऱ्हायनो या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधील ग्रासहॉपरसाठी आहे, ज्यात कंपोनंट नावाचे ठोकळे एकमेकांना जोडून आकार घडवतात. डेव्हिड रटन यांनी २००७ मध्ये ‘एक्स्प्लिसिट हिस्टरी’ या नावाने सुरू केलेले हे साधन २०१८ च्या ऱ्हायनो ६ पासून मूळ सॉफ्टवेअरमध्येच अंतर्भूत आहे, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. उदाहरण म्हणून आपण १२०० × ६०० मिमीचा एक भिंतीवरचा पॅनेल घेऊ, जो एखाद्या इमारतीच्या लॉबीत लागेल आणि तुर्भे किंवा पावणे एमआयडीसीतल्या सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या कोरणयंत्रावर) एमडीएफमध्ये कोरला जाईल. त्यावर ४० काटे आहेत, प्रत्येक काट्याची उंची ४० मिमी आहे आणि पायथ्याची त्रिज्या ६० मिमी आहे, असे धरू.

गुळगुळीतपणा नंतर चढवता येत नाही

वाशीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत मी असा पहिला पॅनेल केला तेव्हा जाळीतला एकेक बिंदू वर उचलून टोकदार सुळके केले आणि ते खडबडीत दिसतात म्हणून त्या मेशवर (सपाट तुकड्यांच्या जाळीवर) वीव्हरबर्ड या प्लगिनचे कॅटमल-क्लार्क सबडिव्हिजन, म्हणजे तुकडे बारीक करत सरासरीने गुळगुळीत करण्याची क्रिया, चालवले. पडद्यावर फारच सुंदर दिसले. पॅनेल कोरून आला तेव्हा ४० मिमीचे काटे मोजपट्टीवर जेमतेम १८ मिमी भरले, आणि मी दिवसभर राउटर चालवणाऱ्याला दोष देत राहिलो. दोष त्याचा नव्हता.

कॅटमल-क्लार्कची पद्धत १९७८ ची आहे आणि तिचे गणित उघड आहे. चौकोनी जाळीत एकच शिरोबिंदू वर असेल आणि भोवतालचे सगळे खाली असतील, तर त्या बिंदूची नवी जागा ठरवताना शेजारच्या पृष्ठांच्या मध्यांना पाव, कडांच्या मध्यांना अर्धा आणि मूळ जागेला पाव वाटा मिळतो. हिशेब केला की पहिल्याच फेरीत उंचीचे ९/१६, म्हणजे सुमारे ५६ टक्के उरतात, आणि फेऱ्या वाढवत गेल्यास ती ४/९ वर, म्हणजे ४४ टक्क्यांवर स्थिरावते. ४० मिमीचे १८ मिमी होण्याचे हेच कारण. लाप्लासियन स्मूदिंग तर याहून निष्ठुर आहे. त्यात बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकतो, आणि पूर्ण जोराने एक फेरी चालवली तर एकट्या सुळक्याचे काहीच उरत नाही. टोकदार भाग म्हणजेच सरासरीपासून सर्वांत दूर गेलेला भाग, म्हणून नंतर केलेली कोणतीही सफाई सर्वांत आधी काटाच खाते. ‘सरफेस फ्रॉम पॉइंट्स’ या कंपोनंटमध्ये इंटरपोलेट बंद ठेवल्यासही हाच तोटा होतो, आणि एकट्या बिंदूसाठी आकडाही तोच, ४/९, येतो. इंटरपोलेट चालू ठेवावे, तर पृष्ठभाग बिंदूंमधून जातो खरा, पण काट्याच्या पायथ्याभोवती सपाट जागेत बारीक लाटा उठतात.

म्हणून काटा किती अणकुचीदार असावा आणि सपाटीत कसा मिसळावा, हे अंतरावरून उंची काढणाऱ्या सूत्रातच ठरवावे लागते. बाकी सारी जोडणी त्या सूत्राभोवतीची आहे.

सूत्राची निवड

जाळीवरच्या प्रत्येक बिंदूपासून आकर्षणबिंदूपर्यंतचे अंतर आपल्याला मिळते. उंची = शिखर × (१ − अंतर ÷ त्रिज्या), असे साधे सूत्र लावल्यास शंकू मिळतो, ज्याचे टोक अणकुचीदार असते पण पायथ्याशी सपाटीबरोबर स्पष्ट मोड पडतो. कंसाचा वर्ग केला की चित्र बदलते. टोकाशी उतार शंकूच्या दुप्पट होतो, म्हणजे काटा अधिक टोकदार दिसतो, आणि पायथ्याशी उतार शून्यावर येतो, म्हणजे तो सपाटीत मोड न पडता मिसळतो. काटेसावरीचा काटा हाच. घन केल्यास टोकाशी उतार तिप्पट होतो आणि पायथ्याशी वक्रतासुद्धा शून्य होते, त्यामुळे प्रतिबिंबातही सांधा दिसत नाही. मात्र काटा सडपातळ होतो. मॅट रंगासाठी वर्ग पुरतो असा माझा अनुभव आहे. चकचकीत पीयू पेंट लागणार असेल, तर घन घ्यावा आणि ऱ्हायनोच्या झेब्रा तपासणीत पट्टे पायथ्याशी तुटत नाहीत ना ते पाहावे.

अनेक जण घंटेच्या आकाराचे गाउसियन सूत्र वापरतात. ते टोकाशीही सपाट असते, त्यामुळे त्यातून काटा न होता टेंगूळ होते. टेंगळेच हवी असतील तर ते उत्तम आहे.

ग्राफ मॅपरबद्दल माझे मत थोडे कडवट आहे. त्यातला बेझिए आलेख हाताने ओढून आकार शोधायला छान वाटतो, आणि सुरुवातीच्या शोधासाठी तो जरूर वापरावा. परंतु ओढलेल्या आलेखाचा आकडा सांगता येत नाही, आणि पायथ्याशी स्पर्शरेषा खरोखर आडवी आहे की केवळ आडवी दिसते, हे डोळ्यांनी ठरत नाही. अंतिम फाइलमध्ये सूत्र एक्स्प्रेशन कंपोनंटमध्ये लिहिलेले असावे.

त्याहून मोठा सापळा रीमॅप नंबर्सचा, म्हणजे आकडे एका पल्ल्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या कंपोनंटचा आहे. शिकवण्यांमध्ये सहसा असे दाखवतात की सर्व अंतरांना बाउंड्स (सर्वांत लहान ते सर्वांत मोठ्या आकड्याचा पल्ला काढणारा कंपोनंट) लावावे आणि तो पल्ला रीमॅपला द्यावा. तसे केल्यास काट्याची त्रिज्या पॅनेलवरच्या सर्वांत दूरच्या जाळी-बिंदूवरून ठरते, आणि कोपऱ्यातला एक आकर्षणबिंदू जरासा हलवला की उरलेले ३९ काटे आपोआप जाड किंवा बारीक होतात. त्रिज्येसाठी स्वतंत्र स्लायडर ठेवावा आणि बाउंड्स या कामात आणूच नये.

जोडणी

पॅनेलचा पृष्ठभाग ‘मेश सरफेस’मध्ये १२० × ६० भागांत विभागावा. १० मिमीच्या या जाळीत १२१ × ६१, म्हणजे ७,३८१ शिरोबिंदू होतात. ‘डीकन्स्ट्रक्ट मेश’ने शिरोबिंदू, पृष्ठे आणि नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा) वेगळे काढावेत, शेवटी हलवलेले शिरोबिंदू आणि तीच जुनी पृष्ठे ‘कन्स्ट्रक्ट मेश’ला दिली की क्रम न बिघडता नवा पृष्ठभाग तयार होतो. ‘डिव्हाइड सरफेस’ आणि ‘सरफेस फ्रॉम पॉइंट्स’ची वाटही चालते, पण तिथे यू-काउंटमध्ये भागांची संख्या न देता त्यात एक मिळवून, म्हणजे १२१, द्यावी लागते, आणि वर सांगितलेली इंटरपोलेटची अडचण राहते. कोरणाऱ्याला शेवटी मेशच लागते, म्हणून मी सरळ मेशवर काम करतो.

आकर्षणबिंदू ‘पॉप्युलेट जॉमेट्री’ने पसरावेत. ४० बिंदूंमध्ये पॅनेलचे ७,२०,००० चौमिमी वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १८,००० चौमिमी, म्हणजे सुमारे १३४ मिमी बाजूचा चौरस येतो. ६० मिमी त्रिज्येचे काटे त्यात बसतात आणि काही ठिकाणी पायथ्यांशी एकमेकांत शिरतात, जे दिसायला नैसर्गिक वाटते. सीडचा, म्हणजे यादृच्छिक मांडणी ठरवणारा, आकडा बदलून चार-सहा मांडण्या पाहाव्यात आणि आवडलेली मांडणी बेक करून (ऱ्हायनोत कायम करून) घ्यावी, कारण नंतर कोणीतरी स्लायडरला चुकून हात लावतोच.

आता शिरोबिंदूंना ग्राफ्ट (प्रत्येकाला स्वतंत्र शाखा) आणि आकर्षणबिंदूंना फ्लॅटन (सगळ्यांची एकच यादी) करून दोन्ही ‘डिस्टन्स’ला जोडावेत. प्रत्येक शिरोबिंदूची एक शाखा तयार होते आणि तीत ४० अंतरे येतात. ही रचना ग्रासहॉपरमधला ‘पॅनेल’ (आकडे दाखवणारा चौकोन) लावून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये; काटे तिरपे, तुटक किंवा भलत्याच जागी उगवण्याच्या बहुतेक तक्रारी इथे ग्राफ्ट राहून गेल्याने उद्भवतात.

अंतरे सूत्रात घालण्याआधी ‘मिनिमम’ कंपोनंटने त्रिज्येपाशी छाटावी लागतात. ही पायरी किरकोळ वाटते म्हणून वगळली जाते आणि मग गंमत होते. अंतर त्रिज्येपेक्षा मोठे झाले की कंसातली संख्या ऋण होते, आणि तिचा वर्ग पुन्हा धन येतो, त्यामुळे काट्यापासून दूर गेलेला पृष्ठभाग खाली बसण्याऐवजी पुन्हा आकाशाकडे चढू लागतो. घन घेतला असेल तर तो खोल खड्ड्यात जातो. पडद्यावर डोंगर किंवा दरी दिसली, तर प्रथम ही छाटणी तपासावी.

छाटलेली अंतरे एक्स्प्रेशनमधून गेली की प्रत्येक शाखेत ४० उंच्या मिळतात, ज्यांतल्या बहुतेक शून्य असतात. त्या ‘मास अ‍ॅडिशन’ने मिळवाव्यात, बेरजा फ्लॅटन कराव्यात, ‘अ‍ॅम्प्लिट्यूड’मध्ये नॉर्मलना ती लांबी द्यावी आणि शिरोबिंदू ‘मूव्ह’ करावेत. काटे भिंतीच्या आत उगवले, तर पृष्ठभाग फ्लिप करावा.

बेरीज की सर्वांत जवळचा बिंदू

बेरजेऐवजी ‘क्लोजेस्ट पॉइंट’ वापरून फक्त सर्वांत जवळच्या आकर्षणबिंदूचे अंतर घेणे सोपे आहे, आणि ७,३८१ × ४०, म्हणजे २,९५,२४० अंतरांची यादी सांभाळावी लागत नाही. पण दोन बिंदूंच्या बरोबर मध्यावर ‘सर्वांत जवळचा’ कोण हे अचानक बदलते, आणि तिथे दोन्हीकडून उतरणारे पृष्ठभाग एका धारदार घळीत भेटतात. या घळींची जाळी म्हणजेच वोरोनोई आकृती. त्रिज्या काट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त ठेवली की फणसाची साल तयार होते, आणि तीच हवी असेल तर ही रीत अगदी योग्य आहे. बिंदू षट्कोनी मांडणीत ठेवून थोडे हलवले की साम्य आणखी वाढते. ६ मिमी व्यासाचे, गोल टोकाचे बॉल-नोज बिट मात्र त्या घळीच्या तळाशी स्वतःची ३ मिमी त्रिज्येची गोलाई सोडणार, हे ग्राहकाला आधी सांगून ठेवावे.

काटेसावरीसाठी बेरीजच घ्यावी. प्रत्येक काट्याचे सूत्र पायथ्याशी शून्य उताराने संपते, म्हणून कितीही काटे एकमेकांत शिरले तरी पायथ्यांपाशी मोड पडत नाही. बेरजेने टोके वाढतील ही भीती बहुधा अनाठायी असते. दोन काट्यांमधले अंतर त्रिज्येपेक्षा जास्त असेल, तोवर एकाचा परिणाम दुसऱ्याच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. अंतर ५० मिमीवर आले तरी टोक केवळ १.१ मिमीने वाढते. ३० मिमीवर ते १० मिमीने वाढते, पण इतके जवळचे काटे मुळात एकच जाड काटा दिसतात, आणि त्यांतला एक काढून टाकणे बरे.

काटे सारखे का दिसत नाहीत

सर्व काट्यांना एकच उंची दिलेली असूनही काही ठेंगणे दिसतात, ही तक्रार मला विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक ऐकू येते. कारण असे की टोक आकर्षणबिंदूवर असते, जाळीचा शिरोबिंदू तिथे असेलच असे नाही. चौकोनाच्या ऐन मध्यात पडलेला आकर्षणबिंदू १० मिमीच्या जाळीत जवळच्या शिरोबिंदूपासून ७.०७ मिमी दूर असतो, आणि वर्गाच्या सूत्राने तिथली उंची शिखराच्या ७८ टक्केच येते, म्हणजे ४० मिमीचा काटा ३१ मिमीवर छाटला जातो. जाळी ५ मिमीची केली तरी तो ८९ टक्क्यांपर्यंतच पोहोचतो, आणि शिरोबिंदू मात्र २९,१६१ होतात.

यावर स्वस्त उपाय असा की प्रत्येक आकर्षणबिंदू ‘क्लोजेस्ट पॉइंट’ने जवळच्या शिरोबिंदूवर बसवून टाकावा. तो फार तर ७ मिमी हलतो, आणि १२०० मिमीच्या पॅनेलवर हे कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा उपाय टोकच थोडे बोथट करण्याचा आहे, आणि लॉबीसारख्या ठिकाणी तो तसाही करावाच लागतो, कारण खांद्याला आणि दप्तरांना घासणारी अणकुचीदार टोके कोणी मान्य करणार नाही. सूत्रात अंतराऐवजी √(अंतर² + क²) − क घालावे, जिथे क ही आपण ठरवलेली छोटी लांबी आहे. क ६ मिमी घेतल्यास टोकाची गोलाई ४.५ मिमी त्रिज्येची होते. हा आकडा क × त्रिज्या ÷ (२ × शिखर) असा येतो. त्याबरोबर शिरोबिंदू टोकावर न पडल्याने होणारी चूकही घटते. १० मिमीच्या जाळीत सर्वांत वाईट काटा आता ८९ टक्के उंच राहतो आणि ५ मिमीच्या जाळीत ९७ टक्के. पायथा मात्र ६० ऐवजी ६५.७ मिमीपर्यंत पसरतो, तो हिशेबात धरावा, आणि छाटणी या नव्या अंतरावर करावी, मूळ अंतरावर नाही.

उंच्या वेगवेगळ्या हव्या असतील, तर एक्स्प्रेशनला शिखराचा एक आकडा देण्याऐवजी ४० आकड्यांची यादी द्यावी. शाखेतली अंतरे आकर्षणबिंदूंच्या क्रमानेच असल्याने जोड्या बरोबर लागतात. दरवाज्याजवळ बुटके आणि दूर उंच असे करायचे असेल, तर दाराजवळ आणखी एक बिंदू ठेवून त्याच्यापासूनच्या अंतरावरून ही यादी काढता येते.

गोल खांबावर

खांबाच्या बाह्यवक्र पृष्ठभागावर काटे बाहेर जाताना एकमेकांपासून लांब होतात, त्यामुळे फारशी चिंता नसते. अंतर्वक्र कोनाड्यात मात्र ते जवळ येतात. काट्यांमधले अंतर टोकांपाशी (१ − शिखर ÷ वक्रतेची त्रिज्या) या पटीत घटते. २०० मिमी त्रिज्येच्या कोनाड्यात ४० मिमीच्या काट्यांची टोके पायथ्यांपेक्षा २० टक्के जवळ असतात. शिवाय नॉर्मलच्या दिशेने उगवलेले काटे तीन अक्षांच्या राउटरला वरून गाठता येत नाहीत. सपाट पॅनेलवर हा प्रश्न येत नाही, कारण सारे बिंदू एकाच दिशेने उचललेले असतात. खांबाच्या शिवणीवर दोन्ही कडांचे शिरोबिंदू वेल्ड करावेत आणि शिवण भिंतीकडे वळवावी.

फाइल देताना

मांडणी ठरेपर्यंत २० मिमीची जाळी, म्हणजे १,८९१ शिरोबिंदू पुरेत. स्लायडर ओढताच आकार बदलतो. फाइल देण्यापूर्वी ती ५ मिमीवर न्यावी. वर्गाच्या सूत्रात पायथ्यापाशी वक्रतेची त्रिज्या (काट्याची त्रिज्या)² ÷ (२ × शिखर), म्हणजे आपल्या उदाहरणात ४५ मिमी असते, आणि त्या वक्रावर मेशचा सपाट तुकडा १० मिमीच्या जाळीत खऱ्या आकारापासून सुमारे ०.२८ मिमी हटतो, तर ५ मिमीच्या जाळीत ०.०७ मिमी. पहिला आकडा चकचकीत रंगाखाली पैलूंसारखा दिसतो, दुसरा पॉलिशपेपरखाली जातो. हीच ४५ मिमी त्रिज्या सांगते की ६ मिमीचे बॉल-नोज बिट पायथ्यात कुठेही अडणार नाही. अडलेच तर ते बिटच्या लांबीमुळे, म्हणून कापणारी लांबी ४० मिमीहून जास्त आहे का हे कारखान्यात विचारून घ्यावे.

१८ मिमीच्या तीन एमडीएफ शीट चिकटवल्या की ५४ मिमी जाडी मिळते, त्यातून ४० मिमीचे काटे काढून पाठीला १४ मिमी उरतात. पावसाळ्यात आमच्याकडची हवा एमडीएफला मानवत नाही, म्हणून कोरलेला पॅनेल सीलर लावल्याशिवाय ठेवू नये. कारखान्याला द्यायची एसटीएल (मेशची फाइल) काढताना एकक मिमीच आहे याची खात्री करावी.

पूर्ण पॅनेलच्या आधी दोन-तीन काटे असलेला २५० × २५० मिमीचा तुकडा कोरून घ्यावा, त्यावर अंतिम रंगाचा एक हात द्यावा आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवा धरून तो पाहावा. पायथ्याभोवती कड्यासारखी फिकट रेघ दिसली, तर घातांक २ वरून ३ वर न्यावा, आणि त्याने काटा फार सडपातळ झाला तर शिखर तेच ठेवून त्रिज्या ६० वरून ७० मिमी करून पाहावी.